चार घरांची एक चिठ्ठी

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. या गौरवग्रंथाचा संकल्प कळवणारे जे पत्रक गेल्या दिवाळीनंतर आपणा सर्वांकडे आले, त्यातील श्रीमती मनोरमाबाई देशकर यांचा अल्प परिचय मी लिहिलेला होता. त्यात असे वाक्य आहे : ‘धरणामुळे निंबधरा गाव उठले तेव्हा नव्या वस्तीतील घरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटण्यास बाईंनी विरोध केला.’ हे खरे नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात हा आग्रह बाईंचाच होता. विरोध त्यांनी पुढे केला, आणि तो स्वतःच्याच आधीच्या मताला केला. माझ्या लक्षात त्यांचे नंतरचे बोलणे तेवढे राहिले होते. कोणाला न विचारता मी ते मागे नेऊन ठेवले.

पत्रक वाचल्यावर बाईंनी मला यवतमाळला बोलावून घेतले. मी घाबरत गेले. त्या म्हणाल्या, “कौसल्या, माझी चूक तू पुसून टाकलीस. पण ती मला अजून लागते. खैरगावसाठी लागते. आधी ती जागेवर ठेव, मग कौतुक करायचं तर कर.”

खैरगाव हे आमच्या वरच्या अंगाचे गाव. धरणाची भिंत वाढते आहे तसे पाणी आता तिथवर येणार, आणि या उन्हाळ्यात तिथल्या लोकांना नव्या जागा वाटायच्या आहेत. माझी मोठी बहीण शेवंता त्या गावात दिलेली आहे. तिची दोन लेकरे लहान आहेत आणि तिसरे व्हायचे आहे. निंबधऱ्यात आमच्या आयांचे जे झाले ते खैरगावात व्हायचे की टळायचे, हे अजून ठरलेले नाही. बाईंच्या साठाव्या वर्षाच्या या लेखात ही काळजी वारंवार डोकावेल, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. बाईंचे काम आणि ही काळजी मला वेगळी काढता येत नाही.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिले ते निंबधऱ्याच्या शाळेच्या ओट्यावर. मी चौथीत होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटी हाती धरली नव्हती. आम्ही धम्म घेतल्याला काही वर्षे झाली होती. माझे मोठे बंधू शिवदास आणि त्यांच्या बरोबरीचे तरुण यांचे म्हणणे एकच होते : गाव उठतेच आहे, तर नव्या गावात आमची घरे पुन्हा नाल्यापलीकडे नकोत. जागा वाटणाऱ्या सरकारी साहेबांनी केलेल्या नकाशात मात्र जुन्या गावाप्रमाणेच एकेका जातीचा एकेक तुकडा पाडलेला होता, आणि आमचा तुकडा पुन्हा टोकालाच होता.

बाई तेव्हा यवतमाळच्या मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून महिला मंडळाचे काम पाहू लागल्या होत्या. वकिलांच्या घरातल्या, पांढरे लुगडे, पायात वहाणा. आमच्या लोकांना वाटले, या साहेबांच्याच बाजूने बोलणार. पण त्या सगळ्या गावादेखत साहेबांना म्हणाल्या, “हा नकाशा जुन्या गावाचा आहे. ही माणसं नव्या गावाला चाललीत. चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीला कोणाची जात वाचता येत नाही.”

बरीच बाचाबाची झाली आणि शेवटी साहेबांनी मानले. मडके आणले गेले. चिठ्ठी लहान लेकराच्या हाताने उचलायची असते म्हणून बाईंनी समोरच्या मुलांवरून नजर फिरवली आणि मला पुढे बोलावले. मागून कोणीतरी कुजबुजले. मी मडक्यात डोकावू लागले. बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “बघायचं नाही. नुसतं उचलायचं.” सगळ्या गावाच्या जागा मी उचलल्या. त्या दिवशी शिवदासदादांनी आमच्या वस्तीत गूळ वाटला.

आता त्या गुळाबरोबर काय गेले ते सांगते. निंबधऱ्यात आमची पाच घरे एका अंगणाभोवती होती. त्या अंगणात सखूआजी नावाची म्हातारी बसलेली असे. ती कोणाची सख्खी नव्हती. निंदणाला किंवा कापूस वेचायला निघालेल्या बायका पोरे तिच्यापाशी सोडत आणि तिच्या टोपलीत भाकरीचा चतकोर टाकत. चतकोर टाकायला एखादी विसरली तर आजी भांडत नसे. संध्याकाळी त्या पोराच्या डोक्यावर रिकामी टोपली पालथी घालून त्याला घरी पाठवी. सगळी आळी हसे, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरून अर्धी भाकरी येई. शिवाय शेतातून जी आधी परते तिने जे पोर भुकेले असेल त्याला पाजायचे. माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, किती जणींनी पाजले असेल ते मायलाही सांगता येणार नाही. याला आमच्याकडे काही नाव नव्हते. नाव नव्हते म्हणून ते कोणत्याही नकाशात आले नाही आणि चिठ्ठ्यांच्या दिवशी कोणाच्या तोंडीही आले नाही. आमच्या माणसांना नाल्याअलीकडची जागा हवी होती. ती मिळाली. अंगण सोबत येणार नाही, हे माझ्या मायलासुद्धा तिथे राहायला गेल्यावर कळले.

नव्या वस्तीत आमची पाच घरे पाच दिशांना गेली. सखूआजी शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या टोकाला पडली. तिला नीट दिसत नव्हते, आणि एवढे चालून तिच्याकडे पोर नेऊन सोडणे कामावर निघणाऱ्या बाईला जमण्यासारखे नव्हते. वाटेत मी दिसले की बायका म्हणत, “हेच तं पोट्टी! इच्या हातानं आमी पांदनीवर पडलो.” त्या थट्टेने म्हणत, पण मी ते रोज घरी नेत असे. बाईंच्या कानावर हे कोणी घातले ते माहीत नाही. त्या एकदा आल्या, चारचौघींत मला जवळ घेतले आणि म्हणाल्या, “शिव्या द्यायच्या तर मला द्या. मडकं माझं होतं.” त्यानंतर माझे नाव कोणी घेतले नाही. बाईंना मात्र काही दिवस ‘मडकेवाल्या बाई’ म्हणत असत.

शेते पाण्याखाली जाणार होती, नव्या जमिनी अजून मिळायच्या होत्या, त्यामुळे बहुतेक बायका धरणाच्या मातीकामावर जात. माझी मायही जाई. बाळू अंगावर पिणारा. माझे पाचवीत नाव घातले होते ते तसेच राहिले. सकाळी बाळूला सांभाळायचे, आणि ऊन डोक्यावर आले की त्याला कडेवर घेऊन बांधावरून मायपर्यंत जायचे. मला पाहिले की मुकादम ओरडे, “आली रे दूधवाली! लवकर, बाप्पा, लवकर!” माय मातीच्या ढिगाच्या सावलीत बसून त्याला पदराखाली घेई आणि तिथूनच उत्तर देई, “माह्या लेकराचं पोट काय तुह्या शिट्टीवर भरते?” बाकीच्या बायका हसत. ज्यांच्या घरी माझ्यासारखी मुलगी नव्हती त्या मात्र हसताना खाली पाहत. त्यांची पोरे घरी खाटेच्या पायाला लुगड्याच्या काठाने बांधलेली असत, नाहीतर अफूची बारीक गोळी चाटून झोपलेली. यात कोणाला निर्दय म्हणू नये. पोर रडून रडून मरेल यापेक्षा ते झोपलेले बरे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

चिठ्ठीने आमचे घर गंगाकाकूंच्या घराला लागून आले होते. त्या कुणब्यांच्या घरच्या. मध्ये एकच भिंत. त्यांचेही जुन्या गावातले भाऊबंद लांब पडले होते. नातवंडाला गंगाकाकूच सांभाळत. एकदा त्या माहेरी कोणी वारले म्हणून गेल्या आणि सून लेकराला निजवून मातीकामाला गेली. त्या दिवशी बाई दुपारच्या आमच्या दारात आल्या. मी बाळूला घेऊन उंबऱ्यात बसले होते. मी त्यांना सांगितले, “बाई, भिंतीपल्याडचं लेकरू सकाळपासून रडलं नाही.”

बाईंनी पिशवी खाली टाकली आणि त्या तशाच शेजारी गेल्या. लेकरू उचलून बाहेर आणले तेव्हा त्याची मान लुळी होती आणि डोळे उघडत नव्हते. धरणाच्या छावणीत डॉक्टर असत. माती वाहणारा एक ट्रक बाईंनी रस्त्यात आडव्या उभ्या राहून थांबवला. मी बाळूसकट मागे बसले. डॉक्टरांनी बराच वेळ झगडून लेकरू शुद्धीवर आणले. ते रडले तेव्हा कामावरून धावत आलेली त्याची आई दारातच खाली बसली. बाई तिचे डोके थोपटत राहिल्या.

परत येताना बाईंनी मला विचारले, “तू सकाळपासून ऐकत होतीस?”

“हो.”

“मग आत जाऊन पाहिलं का नाहीस?”

“आमी त्यायच्या ओसरीवर चढत नाही, बाई.”

आमच्या दारापाशी उतरल्यावर बाई मधल्या भिंतीकडे पाहून इतकेच म्हणाल्या, “शेजार दिला, पण शेजारीण दिली नाही मी.” चिठ्ठ्यांबद्दलचे त्यांचे मत त्या दिवशी बदलले, असे मला वाटते. त्यांना विचारले तर त्या म्हणतात, एका दिवसात मत बदलत नसते, लाज मात्र एका दिवसात वाटते. दोन्ही लिहून ठेवते.

बाईंच्या कामाची रीत त्यानंतर मी जवळून पाहिली. त्या सभा घेत नसत. दिवेलागणीला एखाद्या घरी जात, तिथल्या बाईपुढचे सूप ओढून घेत आणि ज्वारी पाखडता पाखडता एकच प्रश्न विचारीत : “कामावर जाताना पोर कोणापाशी ठेवता?” माझ्या मायला त्या ‘रुक्माबाई’ म्हणत आणि ‘तुम्ही’ म्हणत. शहरातून आलेल्या माणसाने मायला बाई म्हटलेले मी तोवर ऐकले नव्हते, आणि मायनेही ऐकले नसावे. पहिल्यांदा तिने मागे वळून पाहिले, दुसरे कोणी आले आहे काय म्हणून.

वस्तीच्या मधोमध एक जागा मोकळी होती. तिथे बाईंनी कुडाची छपरी उभी करून घेतली आणि सखूआजीला तिथे आणले. सकाळी दादा आजीला पाठुंगळी घेऊन येत, संध्याकाळी नेऊन सोडत. बाई मायला म्हणाल्या, “रुक्माबाई, आता बाळू छपरीत राहील. कौसल्याला शाळेत पाठवा.”

माय म्हणाली, “अन् दूध? दूध कोन, तुमी पाजसान?”

बायका खो खो हसल्या, आणि मग एकदम थांबल्या, कारण बाईंना मूलबाळ नव्हते हे सगळ्यांना ठाऊक होते. मायने जीभ चावली. बाईच तेवढ्या हसत राहिल्या. म्हणाल्या, “ते सोडून बाकी सगळं करते.” आणि त्यांनी ते केले. शेळीचे दूध उकळून पाजणे, ढुंगणे धुणे, खरजेला औषध लावणे, कशालाही त्यांनी नाक मुरडले नाही. बाळू भाकर खायला लागल्यावर मी शाळेत परत गेले. मी आज हा लेख लिहू शकते त्याचे कारण एवढेच आहे.

पहिले काही दिवस छपरीत आमचीच पोरे होती. मग एका सकाळी गंगाकाकू नातवंडाला घेऊन आल्या. सोबत त्याचा वेगळा लोटा आणला होता. दादांचे कपाळ चढले. “बाई, हे चालून जाईन काय? एका छपरीत दोन पानी?” बाई म्हणाल्या, “लोटा राहू दे, शिवदास. पोरगं तर आलं.” दादा रागाने निघून गेले. पोरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्या लोट्याने माती भरली, बेडूक पकडला, आणि शेवटी तो कुठे टाकला कोणास ठाऊक. गंगाकाकू दुसरा लोटा आणणार होत्या. त्या आणायला विसरल्या. विसरल्या की विसरल्यासारखे केले, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही.

यावरून सगळे गोड झाले असे कोणी समजू नये. छपरी चालत्या पोरांच्या उपयोगी पडली. अंगावरच्या पोरांचा प्रश्न तसाच राहिला. पाजायला आई लागते, नाहीतर जिच्यावर आईचा पुरा विश्वास आहे अशी कोणी लागते, आणि ती हाकेच्या अंतरावर लागते. म्हणून बाईंनी जागा अदलाबदल करून देण्याची खटपट सुरू केली. ज्यांची पोरे एकमेकींच्या अंगावर वाढली, त्यांची घरे जवळ यावीत. त्यावरून आमच्या घरात जे भांडण झाले ते मी कधी विसरणार नाही.

बाई जेवायच्या वेळेला आल्या होत्या. दादा ताटावरून उठले. ते धरणाच्या भिंतीच्या कामावर गवंडी होते, हाताला सिमेंट वाळलेले. म्हणाले, “बाई, तुमीच आमाले नाल्याअलीकडं आनलं. आता तुमीच आमाले गोळा करून एका कोपऱ्यात बसवता काय? मंग जुन्या साहेबाचा नकाशा कायले फाडला?”

माय म्हणाली, “काहून ओरडून राह्यला? पोट्टं तुले पाजाव लागते काय?”

“तुले फक्त पोट्टं दिसते, माय.”

“अन् तुले फक्त नाला दिसते.”

मी भिंतीशी बसले होते. दोघांचे बोलणे मला खरे वाटत होते, आणि दोन्ही खरी कशी असतील हे कळत नव्हते. बाईंकडे पाहिले. मला वाटले, त्या काहीतरी समजुतीचे बोलतील. त्या म्हणाल्या, “शिवदास, तुमचं खरं आहे. रुक्माबाईंचंही खरं आहे. मला उत्तर येत नाही.” शिकलेल्या माणसाने उत्तर येत नाही असे म्हणावे, हे मी तेव्हा प्रथम ऐकले. आजही मी जेव्हा जेव्हा अडते तेव्हा ते वाक्य आठवते.

दादा तेवढ्याने शांत होण्यासारखे नव्हते. ते फणकाऱ्याने म्हणाले, “चिठ्ठ्याच काढाच्या होत्या तं गठ्ठ्यानं काढाच्या! चार घरायची एक चिठ्ठी! मंग कोनाचा कोपरा झाला असता?”

बाई ताठ झाल्या. “हे पुन्हा म्हणा.”

“मी चिडून म्हनलं, बाई.”

“चिडूनच म्हणा. पण म्हणा.”

दादांना वाटले, बाई चेष्टा करतात. पण बाई ताट बाजूला सारून जमिनीवर बोटाने चौकोन काढू लागल्या होत्या. बायकांनी आपापसात ठरवायचे, आपले शेजारी कोण. ज्या चौघी एकमेकींपाशी पोरे ठेवतात त्यांच्या घरांचा एक गठ्ठा, त्यांची मिळून एक चिठ्ठी. मग त्या चारही घरांचे अंगण वस्तीत कुठेही पडो, मध्यावर, टोकाला, कोणाच्याही बाजूला. कोपरा कोणाच्या नावाने राखलेला नसेल, आणि लेकरू परक्या भिंतीपलीकडे एकटे नसेल. दादा खाली बसले. चौकोनांवर बोट फिरवीत म्हणाले, “हे तवा काहून नाही सुचलं?” बाई म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही माझ्यावर चिडला नव्हतात.”

निंबधऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. घरे बांधून झाली होती. जे जमले ते एवढेच की दोन कुटुंबांनी राजीखुशीने जागा बदलल्या. म्हणून बाईंनी खैरगाव धरले. गेली दोन वर्षे त्या तिथे जात होत्या, तेच सूप, तोच प्रश्न. आता बायकांचे गठ्ठे ठरलेले आहेत. वाढवून सांगायचे नाही म्हणून लिहिते : बहुतेक गठ्ठे आपापल्या जातीतलेच झाले आहेत. पण सगळे नाहीत. शेवंताने ज्या बाईचे नाव सांगितले ती तेल्याच्या घरची आहे. शेवंताच्या पहिल्या बाळंतपणानंतर दूध आले नव्हते तेव्हा हिने मागच्या दाराने येऊन पोर पाजले होते. दोन्ही घरच्या पुरुषांना ही गोष्ट बाईंच्या प्रश्नापर्यंत माहीत नव्हती. शेवंताचे यजमान म्हणाले, “अन् मले वाटे, लेकरू हवेवरच बाळसं धरून राह्यलं!”

माझ्यावरच्या बाईंच्या उपकारांविषयी थोडे लिहिते, नाहीतर मायला आवडणार नाही. मॅट्रिकसाठी मी त्यांच्या घरी राहिले. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आले आणि मला वाटू लागले की उत्तरपत्रिकेवर मी आपला नंबर चुकीचा लिहिला. मी जेवेना. दुसऱ्या एखादीने मला वेडी म्हटले असते. बाईंनी वहाणा चढवल्या, माझ्याबरोबर उन्हात शाळेपर्यंत आल्या आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, “हिला खात्री करून घ्यायची आहे.” नंबर बरोबर होता. परतीच्या वाटेवर त्यांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि त्या सोलत आम्ही घरी आलो. अशी भीती वाटणे म्हणजे दोष आहे असे त्यांनी मला कधी वाटू दिले नाही. त्या म्हणतात, जिला खात्री करून घ्यावीशी वाटते तिच्यापाशी लोक पोर ठेवतात. आज मी त्याच छपरीच्या जागी झालेल्या बालवाडीत शिकवते. पोरे मोजून आत घेते, मोजून बाहेर सोडते, आणि दार लावल्यावर पुन्हा एकदा आत पाहते.

गेल्या हिवाळ्यात बाईंना दम्याने घेरले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. खैरगावच्या बाबतीत साहेबांनी कळवले आहे की नियम एका कुटुंबाला एक चिठ्ठी असा आहे. तो बदलायचा तर गावच्या बायकांनी जागावाटपाच्या सभेत, चिठ्ठ्या मडक्यात पडण्याआधी, तोंडाने मागणी केली पाहिजे. एकदा चिठ्ठी निघाली की संपले. पुरुषांनी भरलेल्या सभेत पहिली उठून बोलणारी कोण, यावर खैरगावच्या बायका एकमेकींकडे पाहतात. एकजण उभी राहिली तर आम्ही सगळ्या उभ्या राहू, असे त्या म्हणतात. शेवंताने माझे नाव सांगितले. मी त्या गावची नाही, तरी चालेल म्हणतात, कारण निंबधऱ्याचे मी पाहिले आहे.

मी बाईंना म्हणाले, “तुम्ही चार ओळी लिहून द्या, मी सभेत वाचून दाखवते.”

“नाही देणार,” त्या म्हणाल्या. बोलताना त्यांना धाप लागत होती. “माझं वाचून दाखवलंस तर साहेब मला उत्तर देतील. तुम्हाला देणार नाहीत.”

“माझा गळा बसतो, बाई. चारचौघांत मला बोलता येत नाही.”

“बसू दे. बसल्या गळ्याने बोल. मागच्या वेळी मी खणखणीत बोलले होते, काय झालं ते माहीत आहे तुला.”

मग त्यांनी मला समोर उभे केले आणि त्या स्वतः साहेब झाल्या. चष्मा नाकावर ओढून मला उलटसुलट विचारू लागल्या. “नियमाचं काय? उद्या प्रत्येक जण आपला शेजारी मागेल, त्याचं काय?” मी अडखळले, रडले, पुन्हा उभी राहिले. शेवटी मी म्हणाले, “साहेब, चिठ्ठीच काढा. फक्त ती चार घरांची काढा. लेकरू कोणापाशी राहील हे आधीच ठरलेलं आहे, ते तेवढं मोडू नका.” बाई साहेबांचा आवाज सोडून आपल्या आवाजात म्हणाल्या, “बस. याहून जास्त बोलू नकोस.”

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आमच्या वस्तीतल्या आया आपापल्या परीने त्यांचे अभीष्ट चिंतितात. मायने सांगितले आहे की तिच्या वतीने लिहावे : बाईंचा दमा जावो, त्यांना गाढ झोप लागो, आणि त्यांनी पुन्हा आमच्या घरी येऊन ज्वारी पाखडावी, कारण त्यांना ती अजून नीट पाखडता येत नाही. गंगाकाकूंनी तुपाचा डबा पाठवला आहे. दादांनी निरोप दिला आहे की अजून बऱ्याच गोष्टींवर बाईंशी भांडायचे राहिले आहे, तेवढे आयुष्य त्यांना मिळायलाच हवे. माझे मागणे यांच्याइतके सुंदर नाही. शेवंताचे तिसरे लेकरू ज्या अंगणात रांगेल ते बाईंनी आपल्या पायांनी चालत येऊन पाहावे, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, धाप न लागता, आम्हाला प्रश्न विचारीत राहावे.

हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा खैरगावचा निकाल लागून गेलेला असेल, आणि तो आपणाला ठाऊक असेल. हे लिहिताना मला तो ठाऊक नाही. रविवारी बुद्धपौर्णिमा आहे. मायला घेऊन मी त्याच संध्याकाळी शेवंताकडे मुक्कामाला जाते. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी, खैरगावच्या शाळेत आहे. मडके पुढे आले की मी उभी राहणार आहे : सोमवार, १३ मे १९६८.